परदेशात बसून आंबा, करवंदं, जांभळं आठवणाऱ्यांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेब्रुवारी संपत आला की आमच्या घरच्या ग्रुपवर दरवर्षी सुरू होतं. न्यू जर्सीचा भाऊ विचारतो हापूस आला का, मेलबर्नची चुलत बहीण विचारते बॅगेतून आणता येईल का, आणि डब्लिनची भाची तर नुसत्या रडक्या इमोज्या टाकते. मी ठाण्यात नौपाड्यात राहते, मधली काही वर्षं नवऱ्याच्या नोकरीपायी जर्मनीत काढलीत, त्यामुळे दोन्हीकडचं थोडंथोडं माहितीये. त्याच प्रश्नांना तीच उत्तरं टाइप करून अंगठा दुखायला लागला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय, यापुढे कोणी विचारलं तर हेच फॉरवर्ड करणार.

हापूस आला का?

आला म्हणजे, आला असं म्हणायचं. वाशीच्या मार्केटमध्ये पहिल्या पेट्या जानेवारीतच येतात, कधी त्याच्याही आधी, मग पेटीला हार घालून पूजा केल्याचा फोटो पेपरात येतो आणि भाव वाचून आपण पान उलटतो. तो आंबा आपल्यासाठी नसतोच. मार्चच्या शेवटी आवक वाढायला लागते, खरा हंगाम म्हणजे एप्रिल आणि मेचे पहिले दोन-तीन आठवडे. त्यातही थंडी उशिरा पडली तर मोहर उशिरा, मोहरावर अवकाळी पाऊस पडला की करपा नि तुडतुडे, त्यामुळे "यंदा आंबा कसा आहे गं" हे मला फेब्रुवारीत विचारू नका, बागायतदाराला स्वतःलाच तेव्हा नीट सांगता येत नसतं.

आणि नोव्हेंबरात "वाशीत हापूस दाखल" अशी बातमी दिसली तर ती ग्रुपवर टाकून हळहळू नका, तो मलावीचा असतो. कोकणातून नेलेली कलमं आफ्रिकेत लावलीत, तिकडचा हंगाम उलटा, म्हणून इकडे दिवाळी उरकते न उरकते तोच तो विमानाने येतो. आंबासुद्धा फॉरेनला सेटल झालाय आणि हिवाळ्याच्या सुट्टीत घरी येतो, तुमच्यासारखाच.

भाव काय चाललाय?

नाही सांगणार. सांगितला की तुम्ही लगेच डॉलरने भागाकार करता आणि म्हणता "अरे, एवढा स्वस्त?" आणि इथे मी पेटीमागे दोनशे रुपये कमी करायला अर्धा तास हुज्जत घालून आलेली असते.

परत जाताना बॅगेतून चार आंबे नेले तर चालतील का?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी कोणीतरी "आमच्या ओळखीतल्यांनी नेले, काही झालं नाही" असं सांगतंच. अमेरिकेत भारतातला ताजा आंबा प्रवाशाच्या बॅगेतून चालत नाही, तिकडे फक्त ठरलेली प्रक्रिया करून, कागदपत्रांसकट आलेला व्यापारी माल घेतात. फॉर्मवर किंवा तोंडी खरं सांगितलंत तर आंबा काढून कचऱ्यात टाकतात आणि तुम्हाला सोडतात, लपवलात तर दंड. न्यूझीलंडमध्ये तर न सांगितलेल्या फळाला जागच्या जागी ४०० डॉलरचा दंड आहे, आणि ऑस्ट्रेलियातही या बाबतीत कोणी हसत नाही. युरोपियन युनियनमध्ये २०१९ च्या डिसेंबरपासून नियम असा की अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन एवढी पाच फळं सोडली तर बाकी कुठल्याही ताज्या फळाला सरकारी सर्टिफिकेट लागतं. म्हणजे डब्लिनला नारळ नेता येईल, आंबा नाही. नारळ कोण नेणार पण?

हे सगळं उगाच छळायला केलेलं नाहीये. फळमाशी फळाच्या आत अंडी घालते, बाहेरून फळ गोंडस दिसतं आणि आत अळ्या. कोयकिड्याचं तर विचारूच नका, तो कोयीतच राहतो. एक आंबा चुकून एखाद्या मळ्याजवळ फेकला गेला तर त्या लोकांच्या बागाच्या बागा जातील.

आंबापोळी, आमसुलं, फणसपोळी, सीलबंद रसाचे डबे हे सहसा जातं, पण तेही विचारलं तर सांगायचं. दुबई, मस्कतवाल्यांनी हा प्रश्न वाचलाच नाही तरी चालेल, त्यांच्याकडे आंबा आपल्या आधी पोचतो.

मग अमेरिकेत हापूस मिळतो तो कसा, आणि इतका महाग का?

कारण तो नवी मुंबईतून एका मशीनमधून जाऊन येतो. खरंच. अमेरिकेला जाणारा आंबा आधी धुतात, गरम पाण्यातून काढतात, मग कृषी पणन मंडळाच्या वाशीच्या केंद्रात त्याच्यावर गॅमा किरणांचा मारा करतात, किमान ४०० ग्रे (हे किरणांच्या डोसचं माप) इतका डोस लागतो. असंच एक केंद्र नाशिक जिल्ह्यात लासलगावला आहे, भाभा अणुसंशोधन केंद्राचं, तिथे खरं तर कांद्याचं काम आधी सुरू झालं. या सगळ्यावर लक्ष ठेवायला अमेरिकेच्या कृषी खात्याचा इन्स्पेक्टर इथे हजर लागतो आणि त्याचा खर्च निर्यातदारांच्या डोक्यावर. वर विमानाचं भाडं. साडेतीन किलोच्या आसपासचा खोका, त्यात नऊ ते बारा आंबे, तिकडे चाळीस-पन्नास डॉलरला पडतो, कधी त्याहून जास्त. माझा भाऊ दरवर्षी शिव्या घालतो आणि दरवर्षी घेतो.

हे दार उघडलं २००७ मध्ये. त्याआधी कित्येक वर्षं आपल्या आंब्याला अमेरिकेत बंदीच होती. २००६ च्या मार्चमध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बुश भारतात आले तेव्हा बोलणी झाली, आणि बदल्यात हार्ले डेव्हिडसनच्या मोटरसायकली इकडे यायचा रस्ता मोकळा झाला. आंबा द्या, फटफटी घ्या असा व्यवहार. मला विचाराल तर फायदा त्यांचा झाला.

युरोपवाल्यांचंही एक दुःख आहे. २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या मालात फळमाशी सापडत गेली म्हणून २०१४ च्या मे महिन्यापासून युरोपियन युनियनने हापूससकट सगळे आंबे आणि काही भाज्या बंद केल्या, ऐन सीझनला. लंडनमधल्या लोकांचं तोंड तेव्हा बघण्यासारखं झालं होतं. २०१५ च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली. जपानने २००६ मध्ये घ्यायला सुरुवात केली, पण त्यांना वाफेची ट्रीटमेंट हवी. प्रत्येकाची वेगळी तऱ्हा.

आणि कागद किती महत्त्वाचा ते २०२५ च्या मे महिन्यात कळलं. नवी मुंबईत विकिरण झालेल्या आंब्याच्या निदान १५ खेपा अमेरिकेने नुसत्या कागदपत्रांतल्या त्रुटींवरून विमानतळावर नाकारल्या. आंब्यात किडा नव्हता, फॉर्ममध्ये होता. माल परत आणायचा खर्च मालापेक्षा जास्त, म्हणून निर्यातदारांनी तो तिकडेच नष्ट करायला दिला. नष्ट! ऐन मेमध्ये! आमच्या घरात दोन दिवस याच्यावरच चर्चा.

किरणं मारलेला आंबा खाणं सेफ आहे का? मुलांना देऊ का?

द्या. किरणं फळातून आरपार जातात, आंबा किरणोत्सर्गी होत नाही, एक्सरे काढल्यावर आपण होतो का? आतल्या किड्याची पुढची पिढी जन्माला येऊ नये एवढ्यासाठी ते असतं. खोक्यावर हिरवं गोल फुलासारखं चिन्ह दिसेल, ते त्याचंच.

पण चव तशी लागत नाही. का?

लागणार नाही. जाणारा आंबा घट्ट असताना उतरवतात, मग धुणं, पाणी, किरणं, कोल्ड स्टोरेज, विमान, तिकडचं गोडाऊन, दुकान. वाटेत कुठेतरी कोणीतरी त्याला जास्त थंड केलं की काम संपलं, कच्चा आंबा बारा-तेरा डिग्रीच्या खाली राहिला की नंतर नीट पिकतच नाही, साल सुरकुतते, डाग पडतात आणि आत पिठूळ लागतो. जर्मनीत मी हे बरंच भोगलंय. एकदा दोन तास ट्रेनने जाऊन खोका आणला, घरी कापला तर आत साका. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, साका म्हणजे बाहेरून आंबा सोन्यासारखा आणि आत गराच्या मध्यावर पांढुरका, स्पंजासारखा आंबट भाग. त्यात दुकानदाराचा दोष नाही, साका हापूसलाच होतो, वाशीत घेतलेल्या पेटीतही निघतो. फरक इतकाच की इथे एक गेला तर अजून सत्तेचाळीस असतात.

खोका आलाय. आंबे हिरवे आहेत. आता?

फ्रिजमध्ये ठेवाल तर खबरदार. पहिली गोष्ट ही.

आमच्याकडे आई पलंगाखाली आढी घालायची. खाली पोतं, त्यावर पेटीतलाच पेंढा, आंबे एकाला एक न टेकता एका थरात, वर परत पेंढा नि पेपर. संध्याकाळी दिवा लावून झाला की ती गुडघ्यावर बसून पलंगाखाली डोकं घालायची, एकेक आंबा काढून देठाजवळ नाकाला लावायची, अंगठा दाबायची नाही, नुसता टेकवायची, आणि मग तिथेच वर्गवारी, हा आजचा, हा उद्याचा, हा परवाचा. डागी आंबा आधी खायचा हा नियम. त्यामुळे आम्ही सबंध सीझनभर डागीच आंबे खाल्ले, कारण आज चांगला असलेला उद्या डागी झालेला असायचा. हे ज्याच्या घरी झालं नाही तो ठाणेकर नाही.

तुमच्याकडे पेंढा नसेल. वर्तमानपत्र किंवा कागदी पिशव्या चालतील, खोक्यात एक थर, घरातला त्यातल्या त्यात उबदार कोपरा. घाई असेल तर सोबत एक पिकलं केळं ठेवा, त्यातून इथिलीन वायू सुटतो तोच आंब्याला पिकवतो. इकडे व्यापारीसुद्धा आता इथिलीनच्या चेंबरमध्ये पिकवतात, त्याला परवानगी आहे, बंदी आहे ती कॅल्शियम कार्बाइडला. ती पुडी पेटीत सापडली की मालावर विश्वास ठेवू नका. सालीला किंचित सुरकुती आली, वास दारापर्यंत यायला लागला की खायचा. पूर्ण पिकल्यावर मग फ्रिज चालेल, एक-दोन दिवस.

मेक्सिकोचा आंबा घेतला तर चालेल का? गद्दारी होईल का?

घ्या हो. तो मोठा लाल-हिरवा दिसणारा टॉमी अ‍ॅटकिन्स सोडून काहीही घ्या, टॉमी म्हणजे दोऱ्यांचा गुंडा. मेक्सिकोचा पिवळा छोटा अताउल्फो, दुकानात हनी म्हणून मिळतो तो, मार्चपासून उन्हाळ्यापर्यंत असतो, पातळ कोय, रेषा नाहीत, नीट पिकू दिला तर आमरसालाही चालतो. हिवाळ्यात पेरू देशातला केंट बरा असतो. जर्मनीत सुपरमार्केटमध्ये विमानाने आलेल्या आंब्याला वेगळी पाटी असते, तो दुप्पट महाग पण जहाजाने आलेल्यापेक्षा पुष्कळ बरा.

आणि एक गोष्ट हळूच सांगते, जुलैमध्ये आपला सीझन संपल्यावर युरोपातल्या देशी दुकानात पाकिस्तानी चौसा येतो. आमच्या शेजारी लाहोरच्या एक आपा होत्या, त्यांनी पहिल्यांदा दिला तेव्हा मी "छान आहे, पण आमचा हापूस" असं सुरू केलं, त्यांनी ऐकून घेतलं, आणि दुसरी फोड पुढे केली. तिसऱ्या फोडीला मी हापूसचं नाव काढणं बंद केलं. वेगळं फळ आहे, वेगळ्या कौतुकाचं.

डब्यातला रस कसा वाटतो?

गोड. जरा जास्तच, कारण बहुतेकांत साखर घातलेली असते. डब्यावर हापूस लिहिलंय की केसर ते बघा, चिमूटभर मीठ घाला, थोडं लिंबू पिळा, आणि कृपा करून वेलची घालू नका. वेलची घातली की त्याचं श्रीखंड होतं. माझं मत आहे, भांडायचं असेल तर फोनवर भांडू.

करवंदं, जांभळं, ताडगोळे, जाम... हे कुठे मिळेल?

इथे खरं दुखणं आहे. आंबा पैसे टाकले की मिळतो. माझी भाची रडक्या इमोज्या टाकते ना, ती आंब्यासाठी नाहीच, मी विचारलं तेव्हा म्हणाली, "मावशी, मला स्टेशनबाहेरची करवंदं हवीत." आता ती कुठून आणू?

ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. मेमध्ये सकाळी ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला, कसाऱ्याकडून आलेल्या लोकलने उतरलेल्या आदिवासी बायका पाट्या घेऊन रांगेत बसतात, काही येऊरच्या पाड्यांवरून खाली उतरतात. पळसाच्या पानाच्या द्रोणात करवंदांचा एक वाटा, जांभळं दुसऱ्या पाटीत ओल्या फडक्याखाली, कधी रांजणं, कधी तोरणं, अशी रानातली फळं. वजनकाटा नाही. तिने वाटा ओतला की आपण म्हणायचं "मावशी, थोडी अजून", ती तोंड वाकडं करून दोन करवंदं टाकते आणि त्यातलं एक कच्चं असतं. ओठांना चीक चिकटतो, द्रोण प्लॅटफॉर्मवर पोचायच्या आत संपतो. हे फळ कोणी निर्यात करणार नाही. दुसऱ्या दिवशी ते राहातच नाही, आणि वाट्यात कोण कमावणार?

तरी जमेल तेवढं सांगते. जांभळं फ्रोझन मिळतात मोठ्या इंडियन स्टोअरमध्ये, वितळली की मऊ पडतात पण जीभ जांभळी होते, मुलांना तेवढंच पुरतं. हवाईत आपल्या जांभळाचं झाड रानोमाळ माजलंय, तिथे ते नकोसं झाड म्हणून गणलं जातं, रस्त्यावर सडा पडतो आणि लोक गाडी धुवायला लागते म्हणून वैतागतात. ऐकूनच जीव जळतो. ताडगोळे थाई किंवा व्हिएतनामी दुकानात साखरपाण्यातल्या डब्यात मिळतात. नवी मुंबईत पाम बीच रोडवर गाडी थांबवून, बोटाने साल सोलून, आतलं पाणी शर्टावर सांडत खाल्लेल्या ताडगोळ्याशी त्याचं नातं फक्त आकाराचं. जाम मात्र तैवानी, मलेशियन दुकानांत ताजे मिळतात, लाल आणि आपल्यापेक्षा मोठे, मीठ लावून खा, बरे लागतात.

करवंदाची एक चुलत बहीण आहे, मूळची दक्षिण आफ्रिकेची, दक्षिण कॅलिफोर्नियात लोक कुंपणाला लावतात, पांढरी चांदणीसारखी फुलं आणि काटे. पिकलेलं लाल फळ खातात, पण झाडाचा बाकी भाग विषारी असतो, त्यामुळे ओळख पटल्याशिवाय कुणाच्या कुंपणाला तोंड लावू नका.

फणस?

अमेरिकेत मेक्सिकोचा येतो, आशियाई दुकानात अख्खा किंवा कापून. जवळजवळ नेहमी काप्या, म्हणजे घट्ट गऱ्यांचा असतो. बरका विसरा, तो हातातून निसटणारा, गिळायचा गरा प्रवास करण्याच्या लायकीचाच नाही. डब्यातला हिरवा कोवळा फणस भाजीला चालतो, तिकडे लोक त्याला मांसाऐवजी पावात घालून खातात. आजीला हे सांगितलं तर ती विचारेल, आठळ्यांचं काय करतात? काही नाही, आजी. टाकतात.

सीताफळ, चिकू, पेरू यांचं काय?

यात तुम्ही आमच्यापेक्षा सुखी असायला हवं, कारण ही सगळी फळं मूळची अमेरिका खंडातली आहेत. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आपण छाती फुगवतो, पण चिकूचं माहेर मेक्सिकोकडचं, फ्लोरिडातल्या लॅटिन दुकानांत मिळतो. पेरू मेक्सिकन दुकानात मिळेल, वास अगदी आपल्या गुलाबी पेरूचा, तिखटमीठ घरून न्या.

सीताफळाला युरोपात स्पेनचा चेरीमोया आहे, हिवाळ्यात येतो, खवले नाहीत, बिया कमी, गर जास्त, माझ्या मते आपल्यापेक्षा एक घर पुढेच. ऑस्ट्रेलियात कस्टर्ड अ‍ॅपल म्हणून मिळतं ते सीताफळ आणि चेरीमोया यांचा संकर. आणि न्यू जर्सीच्या भावाने सप्टेंबरात शेतकरी बाजारात पॉपॉ शोधावा, तिकडचं जंगली फळ आहे, सीताफळाच्याच कुळातलं, मऊ पिवळा गर, केळं आणि आंब्याच्या मधली चव. दुकानात सहसा दिसत नाही कारण तेही करवंदासारखंच टिकत नाही. इतकी वर्षं तिथे राहून त्याने ते चाखलेलं नाही, इकडे फोन करून मात्र आंब्याचं विचारतो.

संक्रांतीला बोरन्हाण करायचंय, बोरं कुठून आणू?

चायनीज दुकानातलं लाल सुकं बोर हे वेगळ्या जातीचं, पण बोरच. ताजं हिरवं चिनी बोर शरद ऋतूत येतं, जानेवारीत नसतं. आम्ही जर्मनीत केलं तेव्हा चुरमुरे, भुईमुगाच्या शेंगा, गोळ्या आणि छोटी मँडरिन संत्री घेतली, मँडरिन डोक्यावर नाही टाकायची, बाजूने सोडायची. ऊस मिळाला नाही. पोराने सगळ्यांत आधी गोळ्या उचलल्या, जसं ठाण्यातली पोरंही करतात.

हापूसची कोय कुंडीत लावली तर?

झाड येईल, हापूस येईलच असं नाही. हापूसच्या कोयीतून उगवलेलं रोप आईसारखं निघत नाही, म्हणून तर कोकणात कलमं बांधतात. शिवाय तुमच्या बाल्कनीत बर्फ पडतो. शोभेला लावा, पानं तोरणाला होतील.

तुम्ही आमरस-पुरीचे स्टेटस टाकणं बंद कराल का?

नाही.

आम्ही ज्याची आठवण काढतो ते ठाण्यात तरी उरलंय का?

हा प्रश्न भावाने एकदा रात्री उशिरा टाकला होता आणि मी तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण थोडं कमीपणाचं आहे. आमच्या सोसायटीखालच्या फळवाल्याकडे बारा महिने किवी, ड्रॅगनफ्रूट, वॉशिंग्टनचं सफरचंद. जांभळं आता प्लास्टिकच्या डबीत, वर लेबल, भाव ऐकून दोनच खावीत. करवंदवाल्या बायका आहेत, पण स्टेशनचं काम निघालं, फेरीवाले हटवले की त्या कधी इकडे कधी तिकडे, आणि आपण घाईत असतो. माझ्या मुलीच्या मैत्रिणींना रांजणं माहीत नाहीत. जांभळी नाक्यावर उभं राहून विचारलं की जांभूळ कुठे मिळेल तर लोक मोबाइल काढतात.

हापूसचंही तसंच. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला मानांकन मिळालं, पण देवगड छापलेल्या खोक्यात कर्नाटकचा आंबा अजूनही सर्रास विकला जातो, जरा जाड सालीचा, आत पिवळा, केशरी नाही. मी घेते तेव्हा एक फोडून दाखव म्हणते, जो दाखवत नाही त्याच्याकडून घेत नाही. तर तुम्ही तिकडे बसून ज्या मार्केटची आठवण काढता ना, त्यातलं निम्मं तुमच्या वयाच्या दहाव्या वर्षीचं आहे. ते आम्हालाही मिळत नाही.

मुलांना हापूस आवडत नाही, स्ट्रॉबेरी आवडते. काय करू?

स्ट्रॉबेरी द्या. जर्मनीत जूनमध्ये शेतावर जाऊन स्वतः तोडून आणायची पद्धत आहे, तोडताना पोटात जाईल तेवढी फुकट. शतावरीचा सीझन तर लोक असा पाळतात की चोवीस जूनला बंद म्हणजे बंद. आमचा मुलगा अजून जून आला की "आपण शेतावर कधी जायचं" विचारतो आणि इथे त्याच्या समोर आंबा असतो. त्याचा सीझन तिकडचा आहे, त्याला कोण काय करणार.

सुट्टी कधी काढू म्हणजे सगळं मिळेल?

सगळं कधीच मिळणार नाही, पण त्यातल्या त्यात मेचा पहिला आणि दुसरा आठवडा. हापूस उतरलेला असतो, पायरी असते, करवंदं, जाम, ताडगोळे सुरू, फणस आलेला, गावी गेलात तर रातांबे. जांभळं हवी असतील तर मेच्या शेवटी या, बदलापूरची, बहाडोलीची येतात, पण तोवर हापूस रसाचा झालेला असतो आणि एक सर पडली की लोक त्याच्याकडे बघत नाहीत. जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर पाऊस, मग मक्याचं कणीस खा. दिवाळीच्या आसपास आलात तर सीताफळ. डिसेंबर-जानेवारीत बोरं, पेरू, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि मलावीवाला.

येणार असाल तर महिनाभर आधी कळवा, वाशीच्या ओळखीच्या गाळ्यावर पेटी सांगून ठेवते. चार डझनाची सांगू की सहा, तेवढं लिहा. आणि पैसे आधी पाठवा, मागच्या वेळचे अजून यायचेत, कोणाचे ते मी इथे लिहीत नाही.